बाभळीचा पैलवान आणि पावण्यांची छत्री

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हापासून अगदी आता-आतापर्यंत, दर खरेदीला फसवलं. आणि तरीही, माझा राग जागच्या जागी ठेवून सांगतो, की अख्ख्या कोल्हापुरात त्यांच्याइतका सरळ माणूस दुसरा निघायचा नाही. या दोन गोष्टी एकाच सदऱ्यात कशा मावतात, हे मला अजून उमगलेलं नाही. हातगाडीवर कांदे विकत विकत मी मार्केट यार्डातल्या गाळ्यापर्यंत पोचलो तो माणसं ओळखण्याच्या जोरावर. मला फसवणारा अजून जन्मायचाय, असं मी चारचौघांत सांगत असे. तो माझ्याही आधी जन्मला होता आणि माझ्याच मांडवात फेटा बांधून उभा होता.

आम्ही एकमेकांना 'पावणं' म्हणतो. पावण्यांचं सगळं जग त्यांच्या घरामागच्या परड्यातल्या तांब्याच्या बंबाभोवती फिरतं. घरात गिझर आहे. त्याच्यावर ते टॉवेल वाळत घालतात. "त्या पाण्याला वासच न्हाय ओ," ते म्हणतात, "धूर न्हाय, चटका न्हाय, अंगावरनं पाणी गेल्यालं कळतसुदीक न्हाय." त्यांच्याकडे आलेल्याला आधी अंघोळ विचारतात, मग चहा. लग्नपत्रिका द्यायला आलेला एक गृहस्थ ओल्या केसांनी परत जाताना मी स्वतः पाहिला आहे. कुरिअरवाला तर आता टॉवेल घेऊनच येतो. एकदा मी सांगितलं, "पावणं, मी सकाळीच अंघोळ करून आलोय." तर म्हणाले, "ती गिझरची. ती धरत न्हाईत," आणि बादली भरली.

बंबाला जळण लागतं आणि जळण फोडायला कुऱ्हाड लागते. म्हातारपणातही पावणे रोज पहाटे ओंडके फोडत. त्यात बाभळीचा एक गाठाळ ओंडका असा होता, की त्याने दोन कुऱ्हाडींचे दांडे मोडले. पावण्यांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं आणि रोज त्याच्याशी एक डाव खेळायला सुरुवात केली. शेवटी पैलवान जागचा हलला नाही, पावण्यांचा उजवा खांदा मात्र निखळला. डॉक्टरांनी बजावलं, की आता कुऱ्हाड उचललीत तर हात कायमचा जाईल. पावणे सगळ्यांसमोर 'बरं' म्हणाले. चार दिवसांनी माझ्या सुनेला, म्हणजे त्यांच्याच लेकीला, परड्यात ताज्या ढलप्या सापडल्या.

सून माझ्यासमोर येऊन रडली. "मामा, आण्णा माझं ऐकत न्हाईत. त्यांना लाकूड फोडायचं मशीन घेऊन द्या. तुम्हीच घ्या, ते गेले तर पहिलंच मशीन घेऊन येतील."

हे अगदी खरं होतं. पावणे आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. जिथे भाव तिकिटावर छापलेला असतो, त्या धंद्यातला माणूस दुकानात काय कामाचा? माझी एक पद्धत आहे. मालाकडे आधी तुच्छतेने बघायचं, मग त्याला एका बोटाने शिवायचं, मग उसासा टाकून पायऱ्या उतरायच्या. चपलेत दुसरा पाय जायच्या आत दुकानदार हाक मारतोच. पण मी तुच्छतेने बघत असतानाच हे मागून म्हणणार, "आयला, काय माल हाय ओ पावणं!" मी पायऱ्या उतराव्यात, तर हे आत दुकानदाराबरोबर चहा पीत बसलेले. शेवटी मी नियम केला, की भाव ठरेपर्यंत पावण्यांनी बाहेर थांबायचं. ते आनंदाने थांबत. हातात बारमाही छत्री घेऊन, कुस्ती बघावी तसे दारातून आत बघत. आणि खरेदी झाली, आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो, की दरवेळी तेच: "थांबा ओ, छत्री राहिली की!" मग हे परत जाणार आणि छत्री घेऊन हसत हसत येणार. आमच्या घरात 'पावण्यांसारखा विसराळू' असं म्हणायची रीतच पडली आहे.

तर आम्ही मशीन बघायला निघालो. आम्ही म्हणजे मी, पावणे, छत्री आणि मागच्या सीटवर पोत्यात बसलेला पैलवान. "ज्यानं माझा खांदा उतरवला, त्येला जे पाडंल तेच मशीन घ्यायचं," असं पावण्यांनी जाहीर केलं होतं. पहिल्या दुकानात गाजरासारखा टोकदार, गरगर फिरणारा स्क्रू होता. तो लाकडात घुसतो आणि लाकूड फाकतं, असं दुकानदार सांगत होता. स्क्रू पैलवानात घुसला, पण फाकायच्या ऐवजी पैलवानच गरगर फिरायला लागला. मी खुर्चीवर चढलो, दुकानदार माझ्याआधी टेबलावर चढला होता, आणि पावणे दारातून टाळ्या वाजवत ओरडत होते, "वाऽ रं गड्या!" दुसऱ्या ठिकाणी छोटंसं हायड्रॉलिक होतं. त्याने पैलवानाला पाचरीवर दाबलं, ते कण्हलं, घरघरलं आणि गप्प झालं. पावण्यांनी मशीनच्या पाठीवरून हात फिरवला. "दमलं ओ बिचारं. जरा पाणी दाखवा त्येला."

तिसरं मशीन कागलच्या एमआयडीसीत हसनभाईंच्या शेडमध्ये होतं. घरच्या साध्या लाईटवर चालणारं, कमरेइतक्या उंचीचं, आणि एका हाताने बटण व दुसऱ्या हाताने दांडा धरल्याशिवाय न हलणारं, म्हणजे बोटं पाचरीपाशी जायलाच नकोत. खांद्याच्या वर हात न्यायची गरज नाही. पावण्यांनी पैलवानाला आडवं निजवलं, डोळे मिटले आणि दांडा ओढला. कडाड! पैलवान दोन बाजूंना दोन. पावण्यांनी हसनभाईंना मिठी मारली आणि पाणावल्या डोळ्यांनी म्हणाले, "काय मागशीला ते द्यायचं तुमास्नी!"

मी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. असा सौदा मी जन्मात केला नव्हता. मी मशीनच्या रंगाला नावं ठेवली, चाकांना ठेवली, कागलच्या हवेलासुद्धा ठेवली. चारदा पायऱ्या उतरलो. शेवटी हसनभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "न्या पावणं, न्या. तुमच्याशी बोलून माझाच खांदा निखळला." मी छाती काढून बाहेर आलो. पावण्यांचा चेहरा उजळला होता. "काय तोंड हाय ओ तुमचं!" म्हणाले. गाडी हायवेला लागली आणि म्हणाले, "अरारा, छत्री!"

महिनाभराने मशीनचं ऑईल घ्यायला मी एकटाच हसनभाईंकडे गेलो. त्यांनी प्रेमाने खुर्ची दिली. "छत्रीवालं पावणं न्हाईत आलं? लई दिलदार माणूस बघा. तुम्ही भावात तोडल्यालं सगळं पैसं देऊन गेलं की त्याच दिवशी. म्हणालं, आमचं पावणं तोंडानं कडक हाईत, मनावर घिऊ नगा."

ऑईल तिथेच टाकून मी तडक कोल्हापूर गाठलं. कुकरचं दुकान, गादीवाला, पंखेवाला, एकेकाला गाठून विचारलं. प्रत्येकाला छत्री आठवत होती. शेवटी जीव मुठीत धरून कापडदुकानात गेलो. मुलाच्या लग्नाचा बस्ता मी तिथे बांधला होता. त्या बस्त्याचा भाव आमच्या भावकीत आजही सांगतात. दुकानाचा म्हातारा मालक हसला. "व्हय, परत आलते की. शालूच्या गठ्ठ्याखाली छत्री ठेवून गेलते."

पावण्यांच्या परड्यात पोचलो तेव्हा ते मशीनवर जळण फोडत होते आणि शेजारची चार माणसं आपापले ओंडके घेऊन रांगेत उभी होती. "पावणं," मी ओरडलो, "छत्री कुठाय?"

"खुंटीला हाय की."

"हसनभाईंनी सगळं सांगितलं मला."

त्यांनी मशीन बंद केलं. हाताचा भुसा झाडला आणि म्हणाले, "तुम्ही जिंकताना बघायला मला लई आवडतं ओ. पण समोरचा माणूस हरल्यालं बघवत न्हाय. मग दोन्ही कसं जमवायचं, तुम्हीच सांगा."

मी पाठ फिरवून निघून आलो. अंघोळसुद्धा नाकारली. दर रविवारी त्यांच्याकडे जायचो, तेही दोन रविवार गेलो नाही. मग परवा मिक्सर घ्यायला मी त्या कुकरच्याच दुकानात एकटाच गेलो. मालाकडे तुच्छतेने बघितलं, एका बोटाने शिवलो, उसासा टाकून पायऱ्या उतरलो. दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. "आज एकटंच आलाय?" त्याने विचारलं. मी चपला घातल्या. काढल्या, झटकल्या, पुन्हा घातल्या. हाक आली नाही. रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा सवयीने दाराशेजारी बघितलं. 'काय तोंड हाय ओ तुमचं' म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.

आता मला उत्तर पाहिजे. माझ्या इतक्या वर्षांच्या जिंकलेल्या सौद्यांचं काय झालं, आणि माझी हाक कोणी बंद केली, याचा जाब कोणीतरी दिलाच पाहिजे. येत्या रविवारी सकाळी मी पावण्यांच्या दारात उभा राहणार आहे. त्यांनी बंब पेटवून ठेवायचा, कारण घरची अंघोळ मी करणार नाही. आणि त्यानंतर छत्री घेऊन मुकाट्याने माझ्याबरोबर गाडीत बसायचं. मिक्सर अजून घ्यायचा आहे.