एका हिरव्या मोटारीचा रंग

रिसोडला सुपडा पेंटरच्या शेडमध्ये मी पाट्या रंगवायचो. ब्रश पुसायला आमची एक भिंत ठरलेली होती. तिच्यावर रंगाचे इतके थर चढले, की खालची माती कुणाला आठवेना. शेडमधल्या किस्स्यांचंही तसंच. एक वाळायच्या आत दुसरा चढायचा!

सुपडाचं मुख्य काम बैलगाड्यांचं. गाडीवर मोर काढावा तर त्यानंच! मोटारीला मात्र त्यानं कधी हात लावला नव्हता. तालुक्यात मोटारी होत्याच किती?

*

त्यातली एक रिठदच्या मालकांची, हिरवीगार. ड्रायव्हर काशीराम. मालकांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाडीले ओरखडा दिसला, त्या दिवशी तुही नोकरी गेली!"

दिवाळीनंतर एका बैलानं डाव्या मडगार्डवर शिंग घासलं. काशीराम तोंड पाडून शेडमध्ये आला. मोटार आणली तर बोभाटा होणार, म्हणून अगदी त्याच रंगाचं तुरीचं पान खुडून आणलं होतं. सुपडा मेडशीला गाड्या रंगवायला गेलेला. पान मी जपून फळीवर ठेवलं.

सुपडा तिसऱ्या दिवशी परतला. पान समोर ठेवून त्यानं अर्धा दिवस रंग घोटला. जुळला, बरोब्बर जुळला!

काशीरामनं डबा उघडला. "सुपडाभाऊ, मोटार हिरवी हाय. हा तं वाळल्या पाल्याचा रंग!"

"मंग? तुह्या पानाले इचार ना!"

*

शेवटी मालकांना कचेरीत सोडून काशीरामनं मोटारच शेडपुढे उभी केली. सुपडानं चार वेळा रंग केला, चारही वेळा उन्हात नेऊन पाहिला, मग लावला. ओरखडा कुठे होता ते आम्हालाही सापडेना! काशीरामनं सुपडाचे पायच धरले. मलाही बरं वाटलं. त्याच्या घरी खाणारी पाच तोंडं होती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर, रडकुंडीला आलेला. मोटार धुतली आणि मडगार्डवर तेवढाच मातकट पट्टा उठला! सुपडानं रंग जुळवला होता तो रिठदच्या रस्त्याची धूळ बसलेल्या मोटारीशी.

"धुतली काहून?" सुपडाच चिडला. "मोटार हाय का म्हैस?"

तेव्हापासून काशीरामनं मोटार धुणं सोडलं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "पाण्यानं पत्रा सडते."

*

काशीराम चार दिवस सासरी गेला, तेव्हा मालकांनी मोटार स्वतः चालवली. पुढे पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत होते, "लोण्यावानी चालवली! एक ओरखडा नाई!"

त्याच सुमारास मला तो मातकट हिरव्या रंगाचा डबा रिकामा दिसला. "अर्धा होता ना?" मी विचारलं.

"वाळला," सुपडा म्हणाला, आणि मोराचा डोळा काढत राहिला.

*

मग मालकांच्या लेकीचं लग्न निघालं. मी आणि सुपडा त्यांच्या दारावर गणपती काढत होतो. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. मालकांनी हुकूम सोडला, "नवरदेवाले आणाचं हाय. मोटार धुवा, चकाचक पायजे!"

काशीराम बादलीच शोधत राहिला. पाहुण्यांनीच हौसेनं घागरी ओतल्या. गेली बिचाऱ्याची नोकरी, म्हणून मी डोळे मिटले.

उघडले तर काशीराम डाव्या मडगार्डला पाठ लावून उभा, हलायला तयार नाही. आणि पलीकडे उजव्या दाराला पाठ लावून मालक. तेही हलेनात!

सुपडा खाली मान घालून गणपतीचा उंदीर रंगवत होता.

मालक हळूच म्हणाले, "काशीराम, मोटार एक चक्कर फिरवून आण."

"कोन्या रस्त्यानं, मालक?"

"जिकडं लय धूळ हाय, तिकडून!"