वाटीत उरलेला फेस

चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या गालांवर साबण चढवणाऱ्या माणसाला फेस करता येत नाही, ही गोष्ट त्याची बायको गेल्यानंतर आठवड्याभरात उघड झाली. निदान त्याचा समज तरी तसा होता. दुकान पुन्हा उघडल्यावरचे पहिलेच गिऱ्हाईक खुर्चीत मान टेकून बसले होते. उस्तादांनी ब्रश भिजवला, साबणाच्या वडीवर फिरवला, वाटीत घोटला, गालांवर फासला. आणि वस्तरा चामडी पट्ट्यावर दोनदा ओढून परत वळेपर्यंत त्या फेसाचा पापुद्रा झाला होता. गिऱ्हाईक सभ्य होते. फक्त हनुवटीपाशी वस्तरा अडखळला तेव्हा त्याच्या पायांची बोटे चपलेत आखडलेली उस्तादांना दिसली.

उस्ताद हे त्यांचे नाव नव्हते. नाव दुकानाच्या पाटीवर होते आणि पाटी उन्हाने केव्हाच पुसली होती. उरली ती लोकांनी दिलेली पदवी. तिला ते अपात्र होते असे नाही. वस्तऱ्यावर त्यांचा हात असा होता, की मानेवर पाते फिरते आहे की कुणी कागद हलवते आहे, हे डोळे मिटलेल्याला सांगता येऊ नये. पण वस्तरा हा दाढीचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध आडभिंतीपलीकडे घडत असे.

दुकान म्हणजे एकच खोली. दोन खुर्च्या, त्यांतली एक वर-खाली न होणारी. कडांचा पारा उडालेला आरसा. आणि मागे प्लायवूडची आडभिंत, तिच्यात वीतभर चौकोन. पलीकडे नळ, शेगडी आणि एक स्टूल. त्या चौकोनातून चिनी मातीची पांढरी वाटी बाहेर येई. वाटी धरणाऱ्या हाताची फक्त बोटे दिसत.

सुरुवात एका टोमण्याने झाली होती. दुकान थाटून जेमतेम महिना झाला असेल. कोरड्या थंडीचे दिवस होते, आणि एका गालाची दाढी होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळत होता. एका गिऱ्हाइकाने आरशात पाहून विचारले, "उस्ताद, हा फेस आहे की गालाला चुना काढलाय?" दुकान हसले. डबा घेऊन आलेली बायको दारात उभी होती. तिने डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "द्या इकडे." ती आडभिंतीमागे गेली, आणि पुढे चौतीस वर्षे रोज सकाळी तिथेच जात राहिली.

तिला हे कुणी शिकवले, हे उस्तादांनी विचारले नाही. फेस दाट येई, पण जड नसे. गालावर उभा राही, पण ओघळत नसे. बोलघेवड्या गिऱ्हाइकाचे सगळे पुराण संपेपर्यंत ओला राही. लोक खुर्चीत डुलक्या घेऊ लागले. एकदा बदली होऊन आलेल्या एका कारकुनाने दाढीनंतर गालावरून हात फिरवत म्हटले, "फेस काय सुरेख करता हो!" आणि उस्ताद टॉवेल झटकत म्हणाले, "बसलाय हात."

आडभिंतीमागे चाललेला ब्रश थांबला. तीन-चार श्वास जातील एवढाच वेळ. मग पुन्हा सुरू झाला.

ती त्यावर काही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. उस्तादांनीही विषय काढला नाही. काढायचा राहिला, आणि राहिलेल्या गोष्टींना जुनेपण आले की त्या काढणे अधिकच अवघड होते. आता, ती गेल्यापासून सात महिने, ते त्या तीन-चार श्वासांची शांतता ऐकत होते.

या सात महिन्यांत त्यांनी काय केले नाही? साबण वाढवला, तर फेस चिकट झाला. पाणी वाढवले, तर तो मनगटावरून कोपरापर्यंत उतरला. ब्रश बदलला, वडी बदलली, वाटीऐवजी थेट गालावर घोटून पाहिले. प्रत्येक उपायातून एक नवा बिघाड निघे. एखाद्या सकाळी चुकून बरा जमे आणि दुसऱ्या सकाळी त्याच मापाने, त्याच हाताने, साबणाचे नुसते पाणी होई. तिचा फेस रोज सारखा असे. उन्हाळा असो, तापाची कणकण असो, घरात भांडण झालेले असो. वाटीत त्याचा मागमूस नसे.

आणि यातली खरी अडचण उस्तादांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. तो फेस कसा होता, हे त्यांना माहीतच नव्हते. डोळ्यांना माहीत होते, बोटांच्या टोकांना थोडेफार, गालाला नाही. आपल्याच दुकानात आपणच खुर्चीत बसायचे, हे त्यांना अशोभनीय वाटे. स्वतःची दाढी ते घरी, नळाशी उभे राहून, साबणाची कांडी घासून पाच मिनिटांत उरकत. दुकानात प्रत्येक वेळी वाटीत थोडा फेस उरे. "इतका कशाला करतेस? वाया जातो," असे ते चौकोनातून म्हणत, आणि आतून उत्तर येई, "असू दे." तो उरलेला फेस त्यांनी चौतीस वर्षे बेसिनमध्ये ओतला होता.

समोरच्या दुकानातले घड्याळवाले मंगळवारी आणि शनिवारी दाढीला येत. त्यांची कातडी कांद्याच्या सालीसारखी. जरा खरवडले की आठवडाभर लाल. त्या मंगळवारी ते खुर्चीत बसता बसता म्हणाले,

"शनिवारची शेवटची, उस्ताद. दुकान आवरलं. लेक न्यायला येतेय."

"कायमचे?"

"या वयात तात्पुरतं काय असतं?"

उस्ताद ब्रश फिरवू लागले. त्यांच्या मनात आले, हा माणूस गेला की विचारायला कुणी उरणार नाही. बाकीचे जुने गेले, नवे यंत्राने दाढी करतात. तिचा फेस ओळखू शकेल असा एवढाच एक गाल शिल्लक आहे, आणि तोही चार दिवस.

"थांबा," घड्याळवाले डोळे मिटूनच म्हणाले. "अजून झाला नाही."

"काय झालं नाही?"

"फेस. बोलतोय अजून. आधी चरचरायचा, मग फसफसायचा, मग एकदम गप्प व्हायचा. गप्प झाला की मी चष्मा खिशात ठेवायचो. तुमचा फसफसत असतानाच तुम्ही लावायला घेता."

उस्तादांचा हात थांबला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? ती करायची ते?"

"उस्ताद, भिंत प्लायवूडची आहे. दगडाची नाही."

"आणखी कुणाला?"

"अख्ख्या रस्त्याला. ज्याला ठाऊक नव्हतं, तो वहिनींचा हात बघून समजायचा. साबणाने पांढरी पडलेली बोटं काय लपतात?" मग ते म्हणाले, "आम्हाला वाटायचं, तुम्ही कधीतरी बोलाल."

बुधवारी आणि गुरुवारी उस्तादांनी दुकानात गिऱ्हाईक नसताना फेस गप्प होईपर्यंत घोटायचा प्रयत्न केला. तो गप्प होईना. दंड भरून आला, वाटीच्या काठाला राखाडी साय धरली, बुडबुडे फुटत राहिले. जणू वाटीत कुणीतरी सारखे कुजबुजत होते आणि त्यांना पाहूनही थांबत नव्हते.

शुक्रवारी त्यांची लेक आली. आईमागे महिन्यातून एकदा येऊन ती दुकानाची मागची बाजू आवरून जात असे. आडभिंतीपलीकडे भांडी खणखणली आणि तिचा आवाज आला,

"बाबा, ही किटली टाकून देऊ का? बूड दिसत नाही आतलं. खडूसारखा थर साचलाय नुसता."

"टाक. पाणी गीझरचं घेतो मी."

"तरीच!"

"तरीच काय?"

"तरीच तो भांडी घासायच्या बोळ्यासारखा फेस. अहो, बोअरचं जड पाणी ते! आई आल्या आल्या खळखळा उकळायची, निवळायला ठेवायची आणि वरचं वरचं तेवढं घ्यायची. खालचं पांढरं हलवायचं नाही. मी एकदा किटली हलवून ओतली तर केवढी खेकसली होती माझ्यावर."

उस्ताद चौकोनाशी आले. हा गीझर त्यांनीच दोन वर्षांपूर्वी बसवला होता, तिला शेगडीशी उभे राहावे लागू नये म्हणून. ती "बरं केलंत" म्हणाली आणि किटली ठेवतच राहिली. त्यांनी तो हट्ट समजून सोडून दिला होता.

"मला कुणी सांगितलं नाही हे."

"तुम्ही विचारलंत कुणाला? मला वाटलं, एका दुकानात चौतीस वर्षं काढलीत, तुम्हाला माहीत असेल." लेक किटली हातात धरून उभी होती. मग तिचा स्वर उतरला. "मी आईला विचारलं होतं एकदा, रोज उरतो तर इतका का करतेस. म्हणाली, बसतील कधीतरी तेही."

"कुठे?"

"खुर्चीत, बाबा. अजून कुठे?"

किटली टाकली गेली नाही.

शनिवारी सकाळी उस्ताद रोजच्याहून तासभर आधी आले आणि आडभिंतीमागच्या स्टुलावर बसले. चौतीस वर्षांत ते त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. तिथून चौकोनातून दुकान केवढेसे दिसते, हे त्यांना तेव्हा कळले: अर्धा आरसा, खुर्चीची पाठ, आणि खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या माणसाची कंबर. तिने एवढेच पाहिले होते. पाणी उकळले, निवळले. वरचे पाणी त्यांनी हळूच दुसऱ्या भांड्यात घेतले आणि पुन्हा कोमट केले. ब्रश त्यात भिजत ठेवला, मग झटकला. घड्याळवाले येऊन बसल्याची खुर्चीची कुरकुर ऐकू आल्यावर वाटीत ब्रश फिरवायला घेतला. पाणी थेंबाथेंबाने, बोटाच्या टोकावरून. आधी चरचर. मग फसफस, खूप वेळ फसफस. दंड भरून आला, पण या वेळी वाटीच्या काठाला राखाडी काही धरले नाही. आणि मग, ब्रश फिरत असतानाच, आवाज बंद झाला.

आडभिंतीपलीकडे चष्म्याची काडी मिटल्याचा बारीक टक्क आवाज आला.

दाढी झाली. सुलट हात, उलट हात, हनुवटीखालचा भोवरा. दुसऱ्या गालावरचा फेस शेवटपर्यंत ओला राहिला. टॉवेल फिरवून झाल्यावर उस्ताद आरशातून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"असाच होता का?"

घड्याळवाल्यांनी गालावरून बोटे फिरवली. आयुष्यभर दुरुस्त केलेले प्रत्येक घड्याळ परत देण्याआधी कानाशी धरल्यावर होई, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"खोटं सांगू का खरं?"

"खरं."

"चालतंय. दिवसाला अर्धं मिनिट मागं पडतंय. वहिनींचं बरोबर असायचं."

उस्तादांनी मान हलवली. वाटीत नेहमीएवढा फेस उरला होता. सवयीने त्यांनी ती बेसिनकडे नेली आणि तिथे ती हातात तशीच धरून उभे राहिले.

"बसा," घड्याळवाले खुर्चीतून उठत म्हणाले.

"मी?"

"नाहीतर कोण? आणा ती वाटी. वस्तऱ्याचं माझ्याकडून होणार नाही, फेस लावतो. बारीक कामाचा हात आहे, घाबरू नका."

उस्ताद बसले. ती खुर्ची पाठीला खालच्या बाजूला टोचते, हे इतक्या वर्षांत त्यांना एकाही गिऱ्हाइकाने सांगितले नव्हते. ब्रश गालाला टेकला. कोमट, जवळजवळ वजन नसलेले असे काहीतरी गालावर पसरत गेले, जबड्याच्या वळणावरून कानाच्या पाळीपर्यंत. डोळे आपोआप मिटले.

"हात तुझा होता," ते म्हणाले. घड्याळवाल्यांना नव्हे. तोंड आडभिंतीच्या दिशेला होते, आणि आवाज एरवी गिऱ्हाइकाशी बोलताना असे त्याहून जरा मोठा. "माझा नाही. तुझा बसलेला हात."

घड्याळवाले ब्रश वाटीत ठेवून उभे राहिले. रस्त्यावर त्यांच्या लेकीची गाडी येऊन थांबली, भोंगा वाजला, पुन्हा वाजला. ते गेले, जाताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला, आणि उस्तादांनी डोळे न उघडताच तो थोपटला.

फेस वाळेपर्यंत उठायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. तो बराच वेळ वाळला नाही.