अठराच्या जागी एकोणीस

माझे वडील, आबा, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये मशीन चालवायचे. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, स्टॅटिस्टिक्स घेऊन. एका सोमवारी ते भरदुपारीच लिंबायतला घरी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "शेठ म्हणतो, डागी माल मन्हाच मशीनवर निंघस. उद्या कार्ड जमा कर." कार्ड जमा म्हणजे काम गेलं.

कापडाचे तीस तागे डागी निघाले होते. एकोणीस आबांच्या मशीनवरचे, अकरा दुसऱ्या मशीनवरचे. शेठनं एवढंच पाहिलं होतं.

"पण एकूण तागे किती काढले?" मी विचारलं. आबांनी सुपरवायझरला फोन केला, त्यानं रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. दुसरं मशीन मध्ये काही दिवस बंद होतं, त्यामुळे दोनशेपैकी एकशेवीस तागे आबांनीच काढले होते.

मी वहीत चौकोन आखला, ओळींत दोन मशीन, स्तंभांत डागी आणि चांगले तागे. वर्गात शून्य परिकल्पना म्हणजे पाठ केलेलं वाक्य होतं. इथे त्याचा अर्थ होता, डागाचा आणि मशीनचा काही संबंध नाही असं धरायचं आणि तसं असतं तर आबांच्या वाट्याला किती डागी तागे आले असते ते काढायचं. आणि आकडा दहा-बारा आला, म्हणजे आबांचे एकोणीस फारच जास्त ठरले तर? मी पेन थांबवलं.

आबा म्हणाले, "मन्हा हातनी चूक व्हई, तं ती बी लिख."

ओळीची बेरीज एकशेवीस, स्तंभाची तीस. गुणाकार करून दोनशेनं भागलं. अठरा.

मंगळवारी आबांनी शेठच्या टेबलावर कार्ड ठेवलं, शेजारी मी वही ठेवली. त्यानं चष्मा वर केला आणि गुजरातीत विचारलं, "एटले तारा पप्पानी भूल नथी?"

हो म्हणणं सोपं होतं. आबा माझ्याकडेच बघत होते. "चूक नाही हे यातून सिद्ध होत नाही, शेठ," मी हिंदीत म्हणाले. "पण एकट्या त्यांच्यावर बोट ठेवावं असं यात काही नाही. अठरा अपेक्षित होते, एकोणीस निघाले."

आबांचा चेहरा पडला. शेठनं चौकोनातल्या दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग त्यानं सुपरवायझरला हाक मारून दोन्ही मशीनला जाणारा रंग तपासायला सांगितलं, आणि टेबलावरचं कार्ड आबांकडे सरकवलं.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "नुसतं हो म्हनती तं काय व्हतं वं?" मी वही मिटून पिशवीत ठेवली. ते तसेच आत, मशीनकडे गेले.