डाव्या बाहीचे पाच बंद

भुताखेताचा विषय निघाला की आमचे आबा उठून अंगणात जायचे. ते जमीनमोजणीच्या बंदोबस्त खात्यात शेतजमिनींचे नकाशे काढत. मोजता येत नाही ते कागदावर आणायचं नाही, हा त्यांचा नियम. मीही तशीच वाढले. ऐंशी ओलांडली, पण कधी अंगारा लावला नाही की कुणाला हात दाखवला नाही. तरी हे लिहितेय... कारण घडलं ते माझ्याच हातून.

नात म्हणते, "आजी, तू तर फ्रीलान्स फॅशन इलस्ट्रेटर होतीस!" असेन बाई. निजामाच्या राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, या कामाला नावच नव्हतं.

आबांच्या बदलीमुळं आम्ही परभणीहून आलो होतो. औरंगपुऱ्यात दोन खोल्या. आबांचे उरलेले जाड कागद, जुने टाक आणि शाई मला मिळायची. छावणीच्या बाजारात रद्दीत विलायती कपड्यांचे कॅटलॉग यायचे, मडमांनी टाकून दिलेले. त्यातल्या बायका बघून बघून चुणी कशी पडते, झोल कुठं येतो हे मी शिकले. एकदा गुलमंडीवरच्या शिंप्याकडं आईचं पोलकं टाकायला गेले. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. गळा कसा हवा ते तोंडानं सांगता येईना, म्हणून काढूनच दाखवला. मास्टर कागदाकडं बघतच राहिले.

"बेटी, पडद्यातल्या बायका दुकानात येत नाय, मला आत जाता येत नाय. माप येतं, पण मनात काय हाय ते कसं कळणार? तू जाशील का?"

तिथून सुरुवात झाली. मास्टरांच्या बायकोला मी चाची म्हणायची. आम्ही दोघी पडदा लावलेल्या टांग्यातून घरोघरी जायचो. आत गेलं की चहा, पानदान आणि माझ्या चित्रांभोवती बायकांचा घोळका. "गळा जरा उतरव गं." "सासू बघंल की!" मी तिथंच बसून चित्र बदलायची. काय दिवस होते ते... एकोणीस वर्षांची मी, आणि शहरातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे कपडे आधी माझ्या कागदावर उतरायचे.

बेगमपुऱ्यात बडी बी म्हणून एक साठीच्या बाई होत्या. त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. तिच्यासाठी चित्रं न्यायची होती. एका दुपारी जेवणं आटोपल्यावर खिडकीशी बसून मी काढत होते. कुर्ता, चुडीदार, वर लांब ओढणी. हात आपसूक चालला होता. थांबले तेव्हा पाहते तर डाव्या बाहीला मनगटापासून कोपरापर्यंत चीर, आणि ती बांधायला पाच बंद! उजवी बाही नेहमीसारखी. तिसऱ्या बंदावर तर बारीक नागमोडी काठसुद्धा. असलं काही कुणी घालत नव्हतं. ब्लेडनं खरवडायला घेतलं, पण हात धजेना. तो कागद तसाच बाकीच्यांत ठेवला.

दुसऱ्या दिवशी बडी बी एकेक चित्र बघत होत्या. त्या कागदापाशी आल्या आणि थांबल्या.

"ये कौन बताया तेरेकू?"

"कुणी नाही, बी. मीच काढलं."

"झूट नक्को बोल!" त्यांचा आवाज चिरकला. "माझी पेटी तुला कुणी उघडून दाखवली?"

चाचीनं समजावून पाहिलं. बडी बींनी ऐकलं नाही. तो कागद ठेवून घेतला आणि आम्हाला बाहेर काढलं. चारच दिवसांत तीन घरांतून निरोप आले, येऊ नका. बरोबरच होतं. परक्याच्या जनान्यात जाऊन पेट्या धुंडाळणारी मुलगी कुणाला हवी? मास्टर म्हणाले, "बेटी, माझा विश्वास हाय. पण लोकांचा नसंल तर काम बंद." मी घरी येऊन ढसाढसा रडले. आबांनी एवढंच विचारलं, "बघितलेलं काढलंस, की न बघितलेलं?" मी म्हटलं, "न बघितलेलं." त्यावर ते उठून अंगणात गेले.

आठवड्यानं भर दुपारी आमच्या दारात पडद्याचा टांगा उभा राहिला. बडी बी एकट्या आल्या होत्या, काखेत बोचकं. आईनं आत घेतलं. त्यांनी बुरखा बाजूला सारून बोचकं सोडलं. आत अंजिरी रंगाचा कुर्ता होता, घड्यांवर विरलेला. डाव्या बाहीला चीर. पाच बंद. तिसरा वेगळ्याच कापडाचा, नागमोडी काठाचा.

"माझी धाकटी बहीण," त्या सांगू लागल्या. "लग्नाच्या आठवड्यात जिन्यावरून पडली, हात मोडला. फळ्या बांधलेला हात बाहीत जाईना, म्हणून अम्मीनं घरीच बाही चिरली. एका बंदाला कापड कमी पडलं, तर आपल्या ओढणीचा काठ फाडून लावला. वर्षाच्या आत बहीण गेली. सासरहून कपडे परत आले. तवापासून पेटीला कुलूप."

"पण बी, मी खरंच..."

"ऐक तर. तुझा कागद घेऊन मी काल पेटी उघडली, गंजलेलं कुलूप फोडावं लागलं. तो काठ मीच विसरले होते गं. मलाच आठवत नव्हतं, तर तुला कोण सांगणार?"

मग त्यांनी हळूच विचारलं, "तिचा फोटो नाय. चेहरा काढशील?"

त्या सांगत गेल्या, नाक असं, हनुवटी अशी. मी तीन चेहरे काढले. प्रत्येक वेळी त्या मान हलवायच्या. "नाय. ही ती नाय." माझा हात अगदी माझाच होता, जेवढं सांगितलं तेवढंच काढणारा. शेवटी त्यांनी कुर्त्याचं पहिलं चित्रच घडी करून बोचक्यात ठेवलं. "हात ठणकत होता तिचा," म्हणाल्या, "पण लई हसली निकाहच्या दिवशी."

त्यानंतर बडी बींनी स्वतः घरोघरी माझं नाव घेतलं. बंद झालेली दारं उघडली. भाचीच्या लग्नाचा पोशाख मीच काढला, पुढं मुंबईच्या मासिकांपर्यंत पोचले, त्याच कामावर आयुष्य गेलं.

कुणी योगायोग म्हणेल. मीही म्हणून पाहिलं. पाच बंद एकवेळ योगायोगानं जमतील, पण तो काठ? पुढं हजारो कपडे काढले, तसं पुन्हा कधी झालं नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि बडी बींचं कुटुंब हैदराबादला निघालं. निरोप घ्यायला गेले, तर सगळं घर बांधाबांध करत होतं. त्यांनी मला बाजूला बसवून घेतलं.

"त्या दिवशी तुझ्यावर ओरडले ना... पेटीचं तर निमित्त होतं. मला वाटलं, ती आलीच होती, तर तुझ्याकडं कशी गेली? माझ्याकडं का नाय आली?"

मी त्यांचा हात धरून बसून राहिले.