लसणाचे डॉक्टर

पाइपांच्या दुकानातली बिलं फाडायची नोकरी सोडून माणूस घरी बसला, की लोक त्याला बेकार म्हणतात. याला बायको ‘लेखकराव’ म्हणायला लागली आणि ते बेकारपेक्षा जास्त झोंबायचं. ‘घरबसल्या लिहा, घरबसल्या कमवा’ असा कुठलासा व्हिडिओ बघून स्वारी कामाला लागली होती. त्यातलं बसणं तेवढं जमलं होतं.

काम असं, की एका वेबसाइटवरून रोज मथळा यायचा आणि सोबत काही ठरलेले शब्द. ते शब्द लेखात जागोजागी पेरायचे, म्हणजे इंटरनेटवर शोधणाऱ्याला तो लेख सगळ्यांत वर दिसतो. विषय कळायला हवा अशी अट मुळीच नव्हती. लेखकराव दुसऱ्यांचे लेख उघडायचे, इकडची वाक्यं तिकडे करायचे, ‘महत्त्वाचे’ असेल तिथे ‘अत्यंत महत्त्वाचे’ घालायचे, की झाला नवा लेख. जन्मात कुत्रं न पाळलेल्या या गृहस्थाने कुत्र्याला शिस्त कशी लावावी ते जगाला सांगितलं. आरोग्याच्या लेखांखाली तर पांढऱ्या दाढीतल्या एका ‘ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञा’चा फोटो असायचा. तो डॉक्टर कुठेच अस्तित्वात नव्हता. छापण्याआधी तिथे कोणी काही वाचतही नसे.

अप्पांना, म्हणजे याच्या वडिलांना, हा सगळा रिकामटेकडा उद्योग वाटायचा. ते कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. “लिहितोस म्हणे. काय लिहितोस?” असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत टीव्ही लावायचे. अप्पांनी एकदा, एकदाच, ‘बरं लिहिलंयस’ म्हणावं, एवढ्यासाठी हा जीव टाकत होता.

मग घरात लसणाचा वास यायला लागला. सकाळी उठावं तर अप्पांच्या खोलीतून भपकारा. एके दिवशी मोरीतून बाहेर येताना अप्पांना गरगरलं आणि ते दारातच खाली बसले. सुनेने त्यांना धरून पलंगावर नेलं, पाणी दिलं आणि गोळी काढायला उशाखाली हात घातला, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. मागे हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

“गोळ्या बंद केल्यात मी,” अप्पा म्हणाले. “उपाशीपोटी कच्चा लसूण. हे वाच, म्हणजे कळेल.”

त्यांनी फोन पुढे केला. ‘गोळ्यांना कायमचा निरोप द्या.’ खाली पांढरी दाढी. लेखकरावांनी मथळा लगेच ओळखला. हा लेख त्याने दाढी करता करता उरकला होता.

“अप्पा, हे मी लिहिलंय.”

“तू?” अप्पा हसले. “तुला शिंक आली तर आईला हाक मारायचास तू.”

“खरंच मी लिहिलंय. सगळं इकडून तिकडून उचललेलं आहे. तुम्ही डॉक्टरांकडे चला.”

“ते नाहीच म्हणणार. यात लिहिलंय ना, ‘तुमचे डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’”

ते वाक्य याचंच होतं. त्यावर हा खूशही झाला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “तुमचं त्यांनी कधी ऐकलंय? त्या दाढीवाल्याला सांगायला लावा.”

हा तडक टेबलाशी जाऊन बसला. मथळा दिला, ‘लसणाचे चमत्कारी फायदे’. ठरलेले शब्द पेरले. आणि पहिल्यांदाच त्याने दुसऱ्याचं काही उघडलं नाही. अप्पांच्याच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं ते नीट समजून घेतलं आणि लिहिलं, ‘लसूण जेवणात जरूर खा, पण तो गोळीची जागा घेत नाही. माझं जुनं लिखाण चुकीचं होतं. गोळी बंद केली असेल, तर आजच आपल्या डॉक्टरांना गाठा.’ चारदा खोडून पुन्हा लिहिलं. मग वेबसाइटवरून जुना लेख काढून टाकला, त्याच पांढऱ्या दाढीच्या नावाने हा चढवला आणि अप्पांच्या फोनवर पाठवला.

अप्पांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग शर्ट घालून निघाले. डॉक्टरांकडून परतल्यावर त्यांनी सुनेकडे पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

“माणूस मोठा आहे बरं,” ते मुलाला म्हणाले. “चूक झाली तर सरळ कबूल करतो. आणि लिहितो किती साधं, मनापासून. तुझं असलं काही असतं ना, तर मी रोज वाचलं असतं.”

मुलाने मान हलवली आणि अप्पांच्या हातातला रिकामा पेला घेतला.