साळवे सरांचं धुराडं

शांतवन साळवे सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकासाठी 'सरांची कलासाधना' या विषयावर लिहा, असं मला सांगण्यात आलं. त्यावर लिहिणारे जाणकार या अंकात आहेतच. मी कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारी बाई. मी आपली एका डागाबद्दल लिहिते.

सरांची पहिली भेट दौंडला त्यांच्या ओसरीवर झाली. शिरूरच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून सर रेल्वे कॉलनीजवळच्या आपल्या घरी परतले होते आणि रविवारची उपासना आटोपली की वर्ग घेत. माझी चाळिशी उलटलेली. तैलरंग शिकायचेत म्हटल्यावर लोक विचारतात तसं 'आता या वयात?' हे त्यांनी विचारलं नाही. "घाई आहे का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. "मग जमेल. तेल आपल्या सोयीनं वाळत नाही," सर म्हणाले. कारखान्यातली माझी पाळी रविवारी आली की ते माझ्या एकटीसाठी मंगळवारी सकाळी ओसरी झाडून बसत. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

ओसरीवर एक जुनं छापील चित्र होतं. परदेशातल्या शहराचा रस्ता, दगडी इमारती, ट्रामचे रूळ, पावाचं दुकान, सगळं खिडकीतून पाहावं इतकं हुबेहूब. मिशन बंगल्यातल्या मडमबाईंनी ते सरांना तरुणपणी दिलेलं. मला त्याचीच नक्कल करायची होती. सर ते कुणाला देत नसत. मी हट्टच धरला, तेव्हा म्हणाले, "बरं. पण जे दिसतं ते आधी नीट बघायचं."

बघणं हा तर माझा रोजचा धंदा! चौकटी आखून मी एकेक खिडकी उतरवली. तीन महिने गेले. मध्ये सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले, तेव्हा मी आकाश घेतलं. छपरांच्या वर, पार कडेला तपकिरी धूर होता. त्याची एकेक छटा मिसळण्यात तीन रविवार घालवले आणि मनातून स्वतःवर खूश झाले.

सर नवे डोळे घेऊन परत आले. चित्रासमोर उभे राहिले.

"हे काय गं?"

"धूर."

सर मोठ्यानं हसले. वर्गही हसला. मग त्यांनी मूळ चित्र फ्रेममधून काढलं. तो 'धूर' चित्राची कड ओलांडून पांढऱ्या कागदावर पसरलेला होता. कधीकाळचा ओलीचा डाग! मी ब्रश धुतले, पिशवी उचलली आणि निघाले.

मी रागीट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो नुसता राग नव्हता. ज्या डोळ्यांवर माझी नोकरी चालते तेच मला फसवून गेले होते. आपलं हे काम नव्हे, असं मी ठरवून टाकलं. तीन रविवार गेले नाही. रंग भाचीला देण्यासाठी बांधून ठेवले.

चौथ्या रविवारी सासूबाईंनी हाक मारली, "आगं, कोण मास्तर आल्यात बघ, गठुडं घेऊन!"

पाहते तर सर. दौंडहून एसटीनं, चादरीत काहीतरी गुंडाळून आलेले. पाणीही न घेता म्हणाले, "मी हसायला नको होतं." आणि चादर सोडली.

सरांनी स्वतः केलेली जुनी नक्कल. तोच रस्ता, तेच दुकान, तोच तपकिरी धूर. आणि त्याच्या खाली, मूळ चित्रात कुठंच नसलेलं, विटांचं उंच धुराडं.

"माझे वडील इंजिन शेडमधी कामाला," सर म्हणाले. घरच्या बोलीत बोलताना त्यांना मी प्रथमच ऐकत होते. "छपरावर काळं दिसलं की धूरच, दुसरं काय आसणार? आन् धूर हाय म्हंजी धुराडं पायजे. चित्रात न्हाई, तवा मीच घातलं. डाग हाय हे कळलं, तवापास्नं हे कपाटामागं. आमच्या मंडळींनाबी दावलं न्हाई."

जे बायकोपासून लपवलं ते सरांनी माझ्यासाठी उघडं केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई मात्र चित्र न्याहाळत म्हणाल्या, "पर धुराडं लई झ्याक जमलंय, मास्तर."

"व्हय आजी," सर हसले. "त्या चित्रात तेवढंच माझं सोताचं हाय."

पुढच्या रविवारी मी ओसरीवर होते.

सत्काराच्या दिवशी त्यांची आणि माझी, दोन्ही नकला शेजारी शेजारी लावायच्या, असा सरांचाच आग्रह आहे. त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार. मी सध्या दौंड स्टेशनसमोरचा रस्ता रंगवते आहे. नक्कल नव्हे, समोर बसून. आकाश अजून बाकी आहे.

सर, डाग कोणता आणि धूर कोणता, हे मला अजून नीट कळत नाही. ते कळेपर्यंत तुमचे डोळे लख्ख राहोत आणि प्रकृती ठणठणीत राहो. आणि मी किती सावकाश शिकते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.