आवाज न जोडलेल्या गेममधला सूर

भूत, करणी, अंगात येणं... असला विषय कुणी काढला की मी सरळ उठून जातो. शिकलो चौथीपर्यंत, तेबी रडतखडत. पण गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एकतीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलंय. बंद पडलेली वस्तू उघडली की आत कारण सापडतंच, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात पक्की शिकलो. म्हणून हे लिहिताना मलाच जड जातंय. तुमच्यातल्या कुणाला कारण सापडलं तर सांगा. मला ठासून सांगितलेलं चालतं, फक्त कीव केलेली चालत नाय.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नात पल्लवी, म्हंजे माझ्या दिलीपची मुलगी, कॉम्प्युटर इंजिनिअर हाय. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. तिला नाद लागला एमुलेटर बनवायचा. पूर्वी टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले गेमचे डबे आठवतात ना? त्या डब्यातली एकेक चिप काय काम करायची ते सगळं प्रोग्रॅममध्ये लिहायचं. मग डबा नसला तरी कॅसेटमधला गेम लॅपटॉपवर चालतो.

मी म्हटलं, "म्हंजे लॅपटॉपला डब्याचं सोंग घ्यायला लावायचं."

"व्हय आबा. पण सोंग असं पाहिजे की गेमला फसवता आलं पाहिजे."

असले डबे आमच्या दुकानात ढिगानं यायचे. टीव्ही मी बघायचो, डबे माझा भागीदार सत्तारभाई. त्याला जाऊन चार वर्षं झाली. दुकान बंद केलं तेव्हा एक डबा घरी आणला होता, तो एकदाबी चालू न करता घर बदलताना भंगारात गेला. कॅसेटी तेवढ्या राहिल्या. त्यातलं सगळं पल्लवीनं एका यंत्रानं लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं. आणि रोज मला विचारायची... "आबा, चित्र सरकताना वरची पट्टी थरथरायची का?" "रंग असाच फिका होता का?" मी सांगायचो, ती दुरुस्त करायची. चौथी शिकलेल्या माणसाला इंजिनिअर विचारतीय म्हटल्यावर माझी मान लई ताठ झाली होती.

एक दिवस मी म्हटलं, "आधी तो सूर वाजू दे. डबा चालू केला की पडद्यावर गेमचं नाव यायचं अन् एक बारीक सूर वाजायचा. गेम त्याच्यानंतर."

"कसला सूर?"

मी शिट्टी वाजवून दाखवली. तिनं शोधलं. दोन दिवस शोधलं. मग हळूच म्हणाली, "आबा, हा सूर कुठल्याच कॅसेटमध्ये नाही. डब्यातबी असं काही नसायचं. मी सगळे कागद वाचलेत."

"कागद लिहिणाऱ्यानं ऐकला नसंल. मी हज्जार वेळा ऐकलाय!"

झालं, इथंच बिनसलं. कारण त्याच महिन्यात मी दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेलो होतो. एकदा शहागंजला निघालो अन् सिटी चौकात उभा राहून कुठं निघालो तेच आठवंना. दिलीपनं हे सगळं मनात ठेवलं होतं. सुराचं भांडण ऐकून त्यानं माझ्या स्कूटरची चावी स्वतःच्या खिशात घातली.

"अण्णा, सोमवारी मेंदूच्या डॉक्टरकडं जाऊ. नंबर लावलाय."

"मला काय धाड भरलीय?"

"नसलेला आवाज ऐकायला येतोय तुम्हाला."

"येतोय नाय, यायचा! तीस वर्षांमागं!"

"तेव्हाबी नव्हताच तो, तेच म्हणतोय मी."

वरून भांडलो, पण खरं सांगतो, आतून लई घाबरलो होतो. आमच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी तो मला "साहेब, बसा" म्हणायचा. त्या दिवसांत मी रोज सकाळी उठून सगळ्यांची नावं म्हणून बघायचो. वाटायचं, हा सूर जर मीच मनानं बनवला असंल, तर बाकी जे आठवतंय त्यातलं खरं किती?

रविवार आला. डॉक्टरकडं जायचं त्याच्या आदला दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील, पोहे खाऊन झाले होते, दिलीप माझे जुने रिपोर्ट फायलीत लावत होता. पल्लवी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. म्हणाली, "आबा, थरथर जमली बघा. या." मी गेलो नाय. रुसलो होतो. मग तिनं लॅपटॉपच माझ्याकडं वळवला अन् गेम चालू केला.

पडद्यावर नाव आलं... आणि सूर वाजला.

तोच. बारीक, किरकिरा, शेवटाला जरा घसरणारा. आठ-दहा सेकंद असंल. मग थांबला अन् गेम सुरू झाला.

दिलीपच्या हातातली फाईल तशीच राहिली. "अण्णा... हाच का?"

मी नुसती मान हलवली.

मी पल्लवीकडं बघितलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखायला तिनं बसवला असंल. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "बाबा, मी आवाजाचा भाग अजून लिहिलेलाच नाही. हा एमुलेटर मुका आहे."

मग आमची तपासणी सुरू झाली. तिघांचे मोबाइल बघितले. शेजाऱ्याची बेल वाजवून आलो, ती टिंगटाँग. दिलीप तर गच्चीवर जाऊन आला. पल्लवीनं गेम वीसेक वेळा बंद-चालू केला. एकदाबी सूर नाय. नुसतं मुकं चित्र.

दुपारी मला सत्तारभाईच्या घरची आठवण झाली. म्हटलं, डब्यांचं काम त्याचं, भाभीला काही ठाऊक असंल. दिलीपनं लगेच गाडी काढली. भाभीनं चहा टाकला, मी शिट्टी वाजवून दाखवली. भाभी हसायलाच लागली.

"भाईजान, तुमको अब्बी तक मालूम नै क्या? वो तो घर की घंटी का सूर है! हर डब्बे में डालते थे वो."

लोक दुसरीकडं दुरुस्त केलेला डबा आणून "तुम्हीच केलाय, गॅरंटीत करून द्या" म्हणून भांडायचे. म्हणून सत्तारभाई आमच्याकडं आलेल्या प्रत्येक डब्यात डोअरबेलमधली तीन पायांची आयसी, म्हंजे सूर वाजवणारी बारकी चिप, टाकायचा. चालू केला की सूर वाजला तर आपला, नाय तर दुसऱ्याचा. उघडायची गरजच नाय! आणि मी इतकी वर्षं तो सूर गेमचाच समजत होतो.

"मला का नाय सांगितलं त्यानं?"

"तुमको बोलते तो तुम चिल्लाते... बोलते फालतू खर्चा है. इसलिए नै बोले."

खरंय. ओरडलोच असतो.

भाभीनं एक गोळ्यांचा जुना डबा काढून दिला. त्यात स्क्रू, वायरी, अन् तळाला तसल्या दोन आयसी. घरी येऊन मी स्वतः त्यातल्या एकीला वायरी लावून सोल्डरिंगचा डाग दिला. हात हलला नाय, हे दिलीपनं बघितलं. दोन सेल, एक छोटा स्पीकर. वाजली. तोच सूर, शेवटाला तसाच घसरणारा. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी आबा," म्हणाली. म्हटलं, तुझे कागद बरोबरच होते गं. आमचा सत्तारभाई त्या कागदात नव्हता.

सोमवारी डॉक्टरकडं मी आपणहून गेलो. भीतीच गेली होती. त्यानं चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले. म्हणाला, वयाच्या मानानं चांगलं हाय, एक व्हिटॅमिन कमी हाय, गोळ्या घ्या. गॅसपाशी मात्र आता सूनबाईनं 'बंद केला का?' अशी पाटी लावलीय, तिला मी काही म्हणत नाय. स्कूटरची चावी दिलीपनं दवाखान्याच्या जिन्यातच माझ्या हातात दिली. मागं बसून घरी आला अन् सगळ्या रस्त्यात एकदाबी "हळू" म्हणाला नाय.

आता मूळ प्रश्न. सूर खरा होता, डब्यात होता, हे कळलं. पण तो डबा भंगारात गेला. कॅसेटमध्ये सूर कधी नव्हता. पल्लवीच्या प्रोग्रॅममध्ये तर आवाजच नव्हता. तिनं ओळन् ओळ तपासली, तिच्या पुण्याच्या मित्रांना दाखवली. कुणी म्हणालं, तुम्हाला तिघांना भास झाला. तिघांना एकच? तोबी दिलीपनं अन् पल्लवीनं माझ्या शिट्टीपलीकडं जन्मात न ऐकलेल्या सुराचा, त्या घसरणीसकट?

कारण सापडलं नाय. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, अन् ते न सापडल्यानं मला झोप लागत नाय असंबी नाय. उलट लई गाढ लागते. सकाळी उठून नावं म्हणून बघायचं मी बंद केलंय. वाजलं ते कुठून, देव जाणे. पण ऐकणारा मी एकटा नव्हतो.